एमबीबीआर मोडून एसबीआर केला, त्याला आठ महिने झाले

बेसा भागातल्या आमच्या सोसायटीच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) आधी एमबीबीआर होता, म्हणजे तरंगत्या चकत्यांवर जीवाणू वाढवायची पद्धत. प्लास्टिकच्या चकत्या दिवसरात्र हवेवर नाचायच्या. वास नाही, ऑपरेटर खूश, अमोनियाही उतरायचा. तरी शुद्ध केलेलं पाणी जायचं ते बागेतलं तळं शेवाळाने हिरवंगार व्हायचं आणि उन्हाळ्यात सेटलिंग टाकीतला गाळ तळाशी बसायचा सोडून ढेकळांसारखा वर यायचा. मी दोष चकत्यांना दिला. चूक माझीच. त्या अमोनियाचं नायट्रेट बरोबर करत होत्या. पुढे नायट्रेटचा वायू व्हायला बिनहवेची जागा लागते, तीच आमच्याकडे नव्हती. मग ते काम सेटलिंग टाकीत, नको तिथे व्हायचं आणि बुडबुडे गाळ उचलायचे.

एसबीआर म्हणजे पाळीपाळीची टाकी: एकाच टाकीत भरणं, हवा, निवळणं, वरचं पाणी काढणं असं पाळीपाळीने चालतं. आमची पाळी सहा तासांची. ठेकेदाराने भरतानाही ब्लोअर चालू ठेवला होता, त्यामुळे पहिले दोन महिने नायट्रेट जैसे थे. भरताना ब्लोअर बंद, फक्त मिक्सर, असं केल्यावर नायट्रेट तपासायच्या पट्टीवरचा रंग फिका पडला. ताज्या सांडपाण्यातला कार्बन हेच नायट्रेटचा वायू करणाऱ्या जीवाणूंचं जेवण. आपण तो हवेत जाळून टाकत होतो. शिवाय एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला 4.57 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, त्यातला 2.86 ग्रॅम नायट्रेटचा वायू होताना परत मिळतो. नायट्रेट होताना खर्च झालेली अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल सोसायची ताकद) निम्मी परतते, म्हणून सोड्याचं पोतं आता जास्त टिकतं.

डिसेंबर-जानेवारीत मात्र अमोनिया वर गेला. थंडीत नायट्रिफायर, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू, सुस्तावतात. गाळ कमी काढून तो टाकीत जास्त दिवस ठेवला, तेव्हा निभावलं. आता उन्हाळ्यात उलटी कटकट: गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, ब्लोअर जास्त वेळ चालवावा लागतो.

वरचं निवळलेलं पाणी काढणारा डिकँटर दोनदा अडकला. लाइट गेली की टायमर पहिल्यापासून सुरू होतो, मग अर्धवट निवळलेलं पाणी फिल्टरवर. आमचा ऑपरेटर म्हणतो, "भाऊ, जुनीच टाकी बरी होती." अगदीच खोटं नाही त्याचं.

मेहुण्याच्या सोसायटीने एमबीबीआर ठेवून त्याच्या आधी बिनहवेची टाकी बांधली आणि नायट्रेटवालं पाणी पंपाने मागे फिरवलं. येणाऱ्या पाण्याच्या चौपट फिरवलं तरी नायट्रेट काढणं कागदावर 80 टक्क्यांपुढे जात नाही, पण तळ्याला तेवढं पुरतं. जागा असेल तर आधी हेच करा. आमच्या चकत्यांची पोती पार्किंगमागे पडून आहेत; कोणाला हव्या असतील तर घेऊन जा.