६३/३७ सोल्डर वायर: आठ महिने वापरल्यानंतर

सोलापुरात साखर पेठेत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. टॉवेल कारखान्यांतली मागांची कंट्रोल कार्डं, इन्व्हर्टर, पंपाचे स्टार्टर अशी कामं येतात. बारा वर्षं ६०/४० सोल्डर वायर, म्हणजे कार्डावर पार्ट जोडायला वितळवायची तार, वापरली. दिवाळीनंतर ६३/३७ घेतली आणि आता कार्डाच्या कामाला दुसरी हातात धरवत नाही.

६०/४० म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. ती १८३ अंशांना वितळायला लागते, पण पुरती पातळ व्हायला १९० च्या आसपास जावं लागतं. ६३/३७ मात्र १८३ लाच एकदम पातळ होते आणि निवताना तिथंच एकदम गोठते. निव्वळ कथील २३२ ला वितळतं, शिसं ३२७ ला. या प्रमाणात मिसळले की दोन्ही इतके खाली येतात, याचं मला अजून नवल वाटतं.

सात अंशांनी काय फरक पडतो, ते टाक्यावर, म्हणजे सोल्डरच्या जोडावर, डोळा ठेवला की दिसतं. तापलेलं सोल्डरिंग आयर्न उचललं की ६०/४० चा थेंब क्षणभर अर्धवट थिजलेल्या तुपासारखा राहतो. तेवढ्यात कनेक्टरची पिन केसभर हलली तर टाका करडा, खरबरीत होतो. वरून धरलेला दिसतो, आतून सुटलेला असतो. ड्राय सोल्डर तो हाच. मागाचा हादरा दिवसरात्र चालू, त्यामुळं असं कार्ड पंधरा दिवसांत परत. पूर्वी महिन्याला तीन-चार यायची. या आठ महिन्यांत दोनच आली.

बदल करायला कारण घडलं ते एका रिळाचं. वर ६०/४० छापलेलं, पण टाके मळकट पडायचे. शेवटी स्टेशन, म्हणजे आयर्नची उष्णता ठरवायचं यंत्र, २१० वर ठेवून पाहिलं. खरी ६०/४० पाण्यासारखी वाहिली असती, ही टोकावर लापशी होऊन बसली. शिसंच जास्त घातलेलं. ४०/६० ला पुरतं पातळ व्हायला २३८ लागतात. गिऱ्हाइकाची चार कार्डं मी पदरमोड करून पुन्हा केली.

पत्र्याच्या कामाला मात्र ६३/३७ घेऊ नका. माझे वडील पत्र्याची कामं करायचे, डाख लावायला ५०/५० ची कांडी. ती १८३ ते साधारण २१५ पर्यंत मऊ राहते, त्यामुळं डाख लोण्यासारखा ओढत शिवण भरता येते. ६३/३७ फटीतून सरळ खाली गळते. आणि स्वयंपाकाच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला यातलं काहीच लावायचं नाही, शिसं आहे. जेवायला बसण्याआधी हात साबणानं धुवा.

नव्या कार्डांवर बिनशिशाचे टाके असतात, ते २१७ च्या पुढंच सुटतात. त्यावर आधी थोडी ६३/३७ वितळवून मिसळली की पार्ट कमी उष्णतेत निघतो, कार्डावरची तांब्याची पट्टी उखडत नाही.

भाव ६०/४० पेक्षा थोडा जास्त पडतो, कथील महाग म्हणून. नवं रीळ आणलं की मी आधी स्टेशन २०० वर ठेवून एक थेंब करून बघतो.