दंडावरचं बीपी मशीन: शिशाच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या घरातून

ऐरोलीच्या मेडिकलमधून दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घेतलं. मनगटाचं स्वस्तात मिळत होतं, पण डॉक्टरांनी दंडाचंच घ्या म्हणून बजावलं होतं. ह्यांचा दंड जाड. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो, हे दुकानदाराने आपणहून सांगून मोठा पट्टा काढून दिला.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती मेमरी. हे तुर्भ्याला जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवतात. रोज रात्री क्वार्टर, शनिवारी त्याहून जास्त. "प्यायल्यावर बीपी उतरतं," असं ते म्हणायचे, आणि रात्री मोजलं तर खरंच कमी यायचं. मग मी सकाळी चहाआधी, पाच मिनिटं शांत बसवून मोजायला लागले. वरचा आकडा १६८, १७२. दारूने रात्री बीपी उतरतं आणि सकाळी चढतं, हे डॉक्टरांनी मेमरी बघून समजावलं. ते आकडे पाहूनच ह्यांनी बाटली सोडली. मी कितीदा भांडले होते, त्याने काही झालं नव्हतं.

काही आठवड्यांत सकाळचा आकडा १५० च्या आसपास आला आणि तिथेच अडला. तेव्हा डॉक्टरांनी कामाचं विचारलं आणि रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून दिली. शिसं वाढलेलं निघालं. शिशानेही बीपी वाढतं, मूत्रपिंडं खराब होतात. ते हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं, म्हणून लगेच उतरत नाही. ब्रिटनमध्ये १९७८ ते १९८० दरम्यान २४ शहरांतल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी झाली होती, त्यात दारू आणि सिगारेट पिणाऱ्यांच्या रक्तात शिसं जास्त आढळलं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे दारूचं वेगळं आणि शिशाचं वेगळं, असं धरून चालत नाही.

आता हे कामावरच आंघोळ करून कपडे बदलून येतात, हात घासून धुतल्याशिवाय डबा उघडत नाहीत. ती धूळ कपड्यांवरून घरी येते, आणि लहान मुलांना तर थोडंसं शिसंही बाधतं. आमच्या मुलाचंही रक्त तपासायला दिलं आहे.

मशीनच्या तक्रारी किरकोळ: पडद्याला उजेड नाही, माहितीपत्रक मराठीत नाही, अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो. घेतल्यावर एकदा दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघा. आमचं दोन-तीन आकड्यांच्या फरकाने जुळलं.