जीमेलचे लेबल आणि फिल्टर: रिटर्नचा अख्खा सीझन वापरून झाल्यावरचा अनुभव

अमळनेरला आमचं टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे, जीएसटी आणि इन्कम टॅक्स. पार्ट्या म्हणजे मार्केट यार्डातले आडते, जिनिंगवाले, कृषी सेवा केंद्रवाले आणि पेन्शनर मंडळी. बऱ्याच जणांचा स्वतःचा मेल आयडी नसतो, असला तर पासवर्ड पुण्याच्या मुलाकडे, मग रजिस्ट्रेशनला ऑफिसचाच आयडी टाकला जातो आणि सगळ्यांचे ओटीपी, चलन, नोटिसा, बँकेच्या ऑफरी एकाच इनबॉक्सात येऊन पडतात. मार्चमध्ये लेबल (मेलवर लावायची नावाची चिठ्ठी) आणि फिल्टर (ती चिठ्ठी आपोआप लावणारा नियम) नीट लावून घेतले, आता दिवाळी होऊन गेली, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी, लेबल पार्टीच्या नावाने करू नका. खूप जण तेच सांगतात, पण आपल्या भागात ते चालत नाही. 'पाटील' टाकून फिल्टर लावलं तर कोणाकोणाचे मेल त्यात येतील विचार करा, एकाच नावाचे दोन-तीन जण तर प्रत्येक गावात असतात. शिवाय सीपीसीकडून, म्हणजे इन्कम टॅक्सच्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्राकडून, 143(1) चं इंटिमेशन (रिटर्न तपासल्याचं पत्र) येतं त्याच्या सब्जेक्टात पॅनची पुढची-मागची अक्षरं तेवढी दिसतात, मधे सगळे एक्स, आणि आतली पीडीएफ पासवर्डवाली, म्हणजे लहान अक्षरात पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख टाकल्याशिवाय उघडत नाही, तर जीमेल ती वाचणार कशी. म्हणून लेबल कामाच्या नावाने केले: नोटीस, इंटिमेशन, चलन, शेअर, बँक. एवढेच. आता नानांचा फोन येतो, "भाऊ, रिफंडना मेल उना का?", की इंटिमेशनचं लेबल उघडायचं, पॅनची शेवटची अक्षरं बघायची आणि फोन चालू असतानाच सांगायचं.

नोटीसच्या फिल्टरला मात्र वेळ द्या. कॉम्प्युटरवर सर्चच्या पट्टीत उजव्या टोकाला छोटं चिन्ह असतं, ते दाबलं की फॉर्म उघडतो, फ्रॉममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता टाकायचा, क्रिएट फिल्टर, मग लेबल निवडायचं, स्टार लावायचा आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' वर टिक करायची. खाली जुन्या मेलनाही हेच लावायचं का असं विचारतं, तिथेही टिक करा, म्हणजे मागचे सगळे आपोआप लागतात. स्पॅमची टिक का म्हणतोय, तर 139(9) च्या डिफेक्टिव्ह नोटिशीला 15 दिवस असतात, 143(1)(ए) च्या, म्हणजे रिटर्नमध्ये फरक दिसतो म्हणून आलेल्या नोटिशीच्या, उत्तराला 30, आणि स्पॅममधला मेल 30 दिवसांनी आपोआप उडतो. मुदतही गेली आणि मेलही गेला. पोर्टलवर नोटीस असते हे मान्य, पण प्रत्येक पार्टीचं लॉगिन रोज कोण उघडून बघतं?

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे कॉन्व्हर्सेशन व्ह्यू बंद करणं. एकाच पत्त्यावरून एकाच सब्जेक्टचे मेल आले की जीमेल ते एकाखाली एक गुंडाळून एकच ओळ दाखवतं. घरच्या वापराला ठीक आहे, पण 20 तारखेला थ्रीबीच्या (जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नच्या) गर्दीत तीन पार्ट्यांचे ओटीपी एकाच ओळीत गेले तर कुठला कोणाचा ते शोधण्यातच वेळ जातो. सेटिंगमध्ये जनरलला जाऊन ते ऑफ केलं आणि प्रत्येक मेल सुटा दिसायला लागला. माझ्या मते आमच्यासारख्या ऑफिसात पहिलं काम हेच करावं, लेबल नंतर.

स्नूझ, म्हणजे मेल ठरवलेल्या दिवसापर्यंत इनबॉक्समधून बाजूला ठेवणं, हेही भारी कामाचं आहे. रिटर्न भरल्यावर ई-व्हेरिफायला, म्हणजे ते आपलंच आहे अशी ऑनलाइन खात्री द्यायला, 30 दिवस मिळतात, 1 ऑगस्ट 2022 च्या आधी 120 मिळायचे. ओटीपी येतो तो आधारला जोडलेला मोबाईल सुनेकडे, आप्पा शेतात, आज होत नाही म्हटलं की तो मेल चार दिवसांवर स्नूझ करायचा, त्या सकाळी बरोब्बर वर येतो. काम झालं की अर्काइव्ह. डिलीट नाही बरं का, अर्काइव्ह केलेला मेल सर्चमध्ये सापडतो.

शेअरचं लेबल आमच्या गावाला वेगळं लागतं. 1945 ला विप्रो इथेच सुरू झाली, तेव्हा वनस्पती तुपाची कंपनी होती, त्यामुळे जुन्या घरांमध्ये तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. डिव्हिडंडचे, टीडीएसचे, मीटिंगच्या व्होटिंगचे मेल येतात. 1 एप्रिल 2020 पासून डिव्हिडंड घेणाऱ्याच्या हातात टॅक्सेबल आहे, त्यामुळे हे मेल जाहिरातीसारखे दिसले तरी उडवू नका, जुलैमध्ये रिटर्न भरताना तेच लागतात.

जागेचं सांगतो. फुकटचे 15 जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून असतात, आणि 1 जून 2021 पासून चढवलेले फोटो सगळे त्यात मोजले जातात. भरलं की नवीन मेल येणंच बंद. पार्ट्या बँक स्टेटमेंटचे फोटो काढून पाठवतात ते जड असतात, त्याच सर्चच्या फॉर्ममध्ये साइज 10 एमबीपेक्षा जास्त टाकून शोधा, लागणारे कॉम्प्युटरवर उतरवून बाकीचे काढा आणि ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर ते तिथे 30 दिवस जागा धरून बसतात.

कमी वाटलं ते एवढंच की मोबाईलच्या ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, कॉम्प्युटरवरच बसावं लागतं. पण एकदा बनवले की फिल्टरच्या यादीखालून एक्सपोर्ट करता येतात. धुळ्याच्या मित्राला मी तीच फाईल पाठवली, त्याने इम्पोर्ट करून बँकेचे पत्ते तेवढे त्याच्या बँकांचे टाकले. तुमचंही असंच ऑफिस असेल तर ओळखीत ज्याचे फिल्टर लागलेत त्याच्याकडून फाईल मागून घ्या.