होस्टा की बर्जेनिया?

स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस पावणेसात तासांचाही नसतो. उत्तरेकडच्या भिंतीला तेव्हा ऊन लागतच नाही, त्यात उत्तर समुद्राचा खारा वारा. अशा जागी होस्टाचा मोह होतोच. जपान-चीन-कोरियाकडचं हे झाड सावलीत फार देखणं दिसतं! पण बिनशंखाच्या गोगलगायी एका रात्रीत पानांची चाळण करतात, आणि थंडीत पानं मरून हिवाळाभर वाफा रिकामा.

मी बर्जेनियाच लावेन. आपल्या हिमालयातल्या पाषाणभेदाची ही सैबेरियाकडची बहीण, बर्जेनिया कॉर्डिफोलिया. पान चामड्यासारखं जाड. ओल्या बोटांनी चोळलं की चक्क करकरतं. थंडीत तांबूस होतं, पण झाड उघडं पडत नाही. वसंतात गुलाबी तुरे. काळी पडलेली पानं तेवढी काढावीत.

होस्टा हवाच असेल तर कुंडीत, वाऱ्याच्या आडोशाला.