गिरणीच्या वरची जिम आणि आमचा रिटायरमेंटचा हिशोब

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर, पिठाच्या गिरणीच्या वर पहिल्या मजल्यावर ही जिम आहे. नाव लिहीत नाही, कारण जिम चालवणाऱ्या, शिकवणाऱ्या सरांनीच तशी विनंती केली. सकाळच्या बॅचला आता जागा नाही. मी चौदा महिने मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तीन दिवस जाते. वय ४६, नोकरी फोर्टला, लेक यंदा बारावीला.

आधी एका मोठ्या, चकचकीत जिमचा अनुभव सांगते. तिथे वर्षाचे १८,००० रुपये एकदम भरले आणि वर्षभरात ११ वेळा गेले. माझा आळस नडला, ते खरंच. पण त्या अकरा वेळांत एकाही माणसाने मला वजन कसं उचलायचं ते शिकवलं नाही. ट्रेडमिल दाखवली आणि पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागले. या जिममध्ये तीन महिन्यांचे २,७०० रुपये आहेत. पाच वेळा भरले, म्हणजे १३,५००. वहीत १५२ हजेऱ्या आहेत. एका दिवसाला ८९ रुपये पडले. माझं ऐकाल तर कुठेही गेलात तरी पहिल्यांदा वर्षाची फी एकदम भरू नका.

पहिल्या दिवशी सरांनी मला मशीनकडे नेलंच नाही. लाकडी खुर्चीवर बसवलं, हात छातीशी घ्यायला लावले आणि हातांचा आधार न घेता उठायला सांगितलं. मी सात वेळा उठले, आठव्यांदा मांड्या थरथरायला लागल्या. त्यांनी दोनशे पानी वही काढली, तारीख टाकली आणि लिहिलं : खुर्ची, ७. ती वही अजून तीच आहे. रोज आल्यावर आधी मागचं पान बघायचं, मग बार (वजनाच्या प्लेट चढवायचा लोखंडी दांडा) लावायचा. मागच्या वेळी सगळे रेप्स (ठरलेली आवर्तनं) नीट झाले असतील तरच वजन वाढतं, तेही दोन्ही बाजूंना सव्वा किलोची एकेक प्लेट. नवीन पोरं एकदम दहाची प्लेट चढवायला जातात, तेव्हा सर शांतपणे ती उतरवून ठेवतात.

माझं डेडलिफ्ट (वाकून बार धरायचा आणि सरळ उभं राहायचं) २० किलोच्या रिकाम्या बारपासून सुरू झालं, तोही दोन ठोकळ्यांवर उंच ठेवून. आज ६२.५ किलो आहे, जमिनीवरून. बार नडगीला घासत वर येतो, तळव्यांना खडूची भुकटी, पोटात श्वास धरलेला, आणि वर पोचल्यावर क्षणभर सगळं स्थिर होतं. लोकलच्या गर्दीत सोळा वर्षं उभी राहिले, पण आपले पाय इतके भक्कम आहेत असं पहिल्यांदा तिथे वाटलं.

आता रिटायरमेंटचं सांगते, कारण मी इथे आले ती त्यासाठीच. नवरा आणि मी ५२ व्या वर्षी नोकरी सोडायचं ठरवलंय. घरखर्च महिन्याला ६०,००० धरलाय, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये मांडलेला चार टक्क्यांचा नियम सगळे सांगतात (पहिल्या वर्षी जमा रकमेच्या चार टक्के काढायचे, पुढे महागाईनुसार वाढवायचे, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमवायचे), पण तो अमेरिकेतल्या बाजाराच्या आकड्यांवर आणि तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी आहे. आम्हाला पैसे अडतीस-चाळीस वर्षं पुरवायचेत आणि आपल्याकडची महागाईही वेगळी. म्हणून आम्ही पंचवीस पट न धरता तेहतीस पट धरले : २ कोटी ३८ लाख, तेही आजच्या भावाने. पीपीएफची पंधरा वर्षं झाली, तो पाच वर्षांनी वाढवलाय. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी आत्ताच घेतली. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते ५२ व्या वर्षी सुरू करून कसं चालेल?

एवढी सगळी हिशोबाची शीट तयार असताना दोन वर्षांपूर्वी आई बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनचे पैसे विम्याने दिले. पण घरी चोवीस तास ठेवलेली बाई आणि फिजिओथेरपी आईच्या विम्यात बसली नाही. सात महिन्यांत अडीच लाख गेले. डॉक्टर म्हणाले, हाड तर ठिसूळ झालंच आहे, पण मांडीत स्नायूही उरलेला नाही, तोल सावरणार कोण? पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि हाडाला टिकायचं तर त्याच्यावर भार पडावा लागतो. आई रोज पाऊण तास चालायची. तेवढं पुरलं नाही.

मग मी त्या शीटमध्ये जिमची फी ‘इतर खर्च’मधून काढून पीपीएफच्या खालच्या ओळीत टाकली. ती अजून तिथेच आहे.

सरांकडून मला आणखी एक गोष्ट आवडली : पावडरीचा एकही डबा विकायला ठेवलेला नाही. माझं वजन ५८ किलो, दिवसाला ७० ग्रॅम प्रोटीनचं लक्ष्य मी ठेवलंय. दोन अंडी, मोड आलेली मटकी, वाटीभर घट्ट दही, पनीर किंवा सोयाबीन, रात्री डाळ जरा घट्ट. बहुतेक दिवशी जमतं.

उणिवा आहेत, आणि त्या सरांना तोंडावर सांगितल्यात. बायकांना कपडे बदलायला वेगळी खोली नाही, पडदा लावलेला कोपरा आहे. स्क्वॉट रॅक (खांद्यावर बार घेऊन उठाबशा काढायचा सांगाडा) एकच, सहा वाजता तिघे-चौघे रांगेत असतात. एसी नाही, एप्रिल-मेमध्ये बार हातातून निसटतो. पावसाळ्यात जिन्याला ओल येते, ती आता तरी दुरुस्त करायलाच हवी. मला आंघोळ घरी येऊनच करायची असते, त्यामुळे चालतं. मंगळवारी-गुरुवारी पहाटे साडेपाचला पोचते, सव्वासहाला बाहेर पडते, त्या दिवशी डबे नवरा करतो, आणि ७:४० ची लोकल मिळते. ऑफिसमधूनच थेट जिमला जाणाऱ्याला इथे अवघड पडेल.

गेल्या महिन्यात शनिवारी आईला घेऊन गेले. कठडा धरून एक मजला चढली. सरांनी तीच लाकडी खुर्ची पुढे ओढली, खाली उशी ठेवली आणि स्वतः समोर गुडघ्यावर बसले. आई हात टेकून तीन वेळा उठली. तिच्यासाठी नवी वही काढली, फी घ्यायला तयार झाले नाहीत. आता दर शनिवारी आम्ही दोघी जातो, आठनंतर, तेव्हा रॅकही मोकळा असतो.