तिर्ता एम्पुल की सेबातू?

बालीत तीर्थस्नान करायचं असेल तर बेडुगुलचं उलुन दानू ब्रतान आधीच बाजूला ठेवा. मंदिर देखणं आहे, पण ते सरोवराच्या काठावरून बघायचं. पाण्यात उतरायचं नाही. मग खरी निवड उरते ती तांपाकसिरिंगचं तिर्ता एम्पुल आणि तेगलालांगकडचं गुनुंग कावी सेबातू यांत. उबुद या गावाहून दोन्ही सोयीची.

इतिहास हवा असेल तर तिर्ता एम्पुलला तोड नाही. इ.स. 962 मधलं मंदिर. मायादानवाने पाण्यात विष कालवलं तेव्हा इंद्राने हा झरा काढला, अशी कथा आहे. आतल्या चौकात मूळ झऱ्याचं कुंड आहे. काठावर उभं राहिलं की तळाची काळी वाळू बुडबुड्यांसरशी वर उसळताना दिसते. ते बघायला तरी जाच. स्नानाची पद्धतही तिथे ठरलेली आहे: डावीकडून एकेका धारेखाली जायचं, त्यांतल्या दोन सोडायच्या, कारण त्या मृतांच्या विधींसाठी राखलेल्या.

माझं मन उडालं ते रांगेमुळे. रांग पाण्यातच, कमरेएवढ्या थंड पाण्यात. माझ्या पुढच्या जोडप्याने धारेखाली डोकं घातलं, मग काठावरच्या मित्राला फोटो पसंत पडेना म्हणून पुन्हा घातलं, मग पुन्हा. माझ्या मागे एक बाली आजी हात जोडून ताटकळत होत्या. त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही, मलाच ओशाळल्यासारखं झालं. शेवटी पाहुण्यांच्या गर्दीत मीही एक होतोच की.

सेबातूला असं झालं नाही. कदाचित मी सकाळी लवकर गेलो म्हणूनही असेल. मंदिर विष्णूचं, मासे सोडलेली कुंडं, स्त्री-पुरुषांच्या स्नानाच्या जागा वेगळ्या. कोपऱ्यात एक बाई फुलांची चानांग, म्हणजे देवाला वाहायची छोटी परडी, ठेवत होती, बाकी फक्त पाण्याचा आवाज. उणीव एकच: काय कधी करायचं हे सांगायला कोणी उभं नसतं. सोबत स्थानिक माणूस हवा, निदान गाडीच्या चालकाला तरी आधी विचारून ठेवा.

नियम दोन्हीकडे जवळपास सारखेच. सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र) आणि कमरेला पट्टा हवाच. ‘आम्हीपण हिंदूच’ म्हणून सूट मिळत नाही. मासिक पाळी किंवा उघडी जखम असेल तर आत जायचं नाही. पटो न पटो, तिथला नियम आहे. पूजा करणाऱ्यांच्या समोरून जाऊ नका आणि फोटोसाठी कठड्यावर चढू नका. पुजाऱ्याच्या डोक्याहून उंच उभं राहणं तिथे वाईट दिसतं.

आईवडील सोबत असतील, विधी कोणी नीट समजावून सांगावा असं वाटत असेल तर तिर्ता एम्पुल बरं. फक्त पौर्णिमा टाळा, त्या दिवशी स्थानिकांचीच रीघ असते. एका सकाळी दोन्ही बसवता येतात. तसं केलंत तर दार उघडताच तिर्ता एम्पुलचा झरा बघून घ्या आणि कपडे मात्र सेबातूला भिजवा.