बारावीच्या इंग्रजीचे डायजेस्ट : पन्नास गुणांना उपयोगी, तीस गुणांना अडसर

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही पुस्तकांच्या दुकानात बारावीच्या इंग्रजीचे डायजेस्ट मागितले, की काउंटरवरचा मुलगा मान वर न करता शाखा विचारतो, तीही निव्वळ सवयीने, कारण कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांना राज्य मंडळाचे ‘युवकभारती’ इंग्रजी एकच आहे. माझी मुलगी विज्ञान शाखेची. वर्षभराचा वेळ सीईटीच्या क्लासने खाल्ल्यावर, बोर्डाच्या परीक्षेची सुरुवातच इंग्रजीच्या पेपरने होते हे घरात सर्वांनाच अचानक आठवले आणि डायजेस्टची खरेदी झाली. प्रकाशकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. शेजारच्या मुलांकडची इतर डायजेस्टही मी चाळली आहेत आणि पुढे जे लिहीत आहे ते थोड्याफार फरकाने त्या सर्वांना लागू पडते.

प्रथम पेपरचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे, कारण डायजेस्टची उपयुक्तता विभागागणिक बदलते. लेखी पेपर ८० गुणांचा असतो. त्यात गद्य, आकलन, सारांश आणि व्याकरण मिळून ३४, कवितांना १४, लेखनकौशल्याला १६ आणि कादंबरीला १६ गुण असतात.

यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या विभागांसाठी, म्हणजे ५० गुणांसाठी, डायजेस्ट उत्तम आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. वाक्यरूपांतराचे प्रकार उदाहरणांसह एकत्र दिले आहेत, सारांशलेखनाचा आणि माइंड मॅपिंगचा सराव भरपूर आहे, आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज, ग्रुप डिस्कशन, मुलाखतीचे प्रश्न अशा एरवी घरात कोणी न लिहिणाऱ्या प्रकारांचे नमुने हाताशी मिळतात. येथे साचाच शिकायचा असतो आणि साचा शिकवण्यात डायजेस्टचा हात धरणारे कोणी नाही. उत्तरांची मांडणी स्वच्छ, कठीण शब्दांचे मराठी अर्थ बहुतांशी बरोबर, छपाईच्या चुका मोजक्या. कागद मात्र इतका पातळ आहे, की हायलायटर वापरला तर मागच्या पानावरचे उत्तरही अधोरेखित होते.

अडचण सुरू होते ती कवितांपाशी. रसग्रहणाच्या प्रश्नासाठी ठरावीक मुद्दे अपेक्षित असतात : कवी आणि शीर्षक, आशय, शैली व अलंकार, कवितेतून मिळणारा संदेश आणि स्वतःचे मत. डायजेस्टने हे मुद्दे शिरोधार्य मानून आठही कवितांना एकाच मापाचे कपडे शिवले आहेत. रॉबर्ट सदीच्या ‘द इंचकेप रॉक’मध्ये, दुसऱ्याचे वाईट करण्यासाठी, जहाजांना खडकापासून सावध करणारी घंटा कापून टाकणारा समुद्री चाचा त्याच खडकावर आपटून बुडतो, तेथे संदेश शोधावा लागत नाही. पण दिलीप चित्रे यांच्या ‘फादर रिटर्निंग होम’ या कवितेचे काय करायचे? रात्रीच्या गाडीने घरी येणारा, भिजलेल्या कपड्यांतला, पुस्तकांनी फुगलेली पिशवी सांभाळणारा बाप. पचपचीत चहा, शिळी पोळी, पुस्तक, मुलांचा अबोला, आणि झोपताना रेडिओची खरखर ऐकत पाहिलेले पूर्वजांचे आणि नातवंडांचे स्वप्न, असा हा ऐवज आहे. डायजेस्टने यातून ‘वृद्धांची काळजी घ्यावी’ असा संदेश काढला आहे. अख्ख्या कवितेत कवी कोणालाही काही करायला सांगत नाही, बापाबद्दल दया दाखवा असेही म्हणत नाही. तो फक्त पाहतो. ते पाहणे लक्षात आले नाही, तर ‘एकाकीपणा ही मध्यवर्ती कल्पना आहे’ हे पाठ केलेले वाक्य उत्तरपत्रिकेत कोठेही चिकटवले तरी चालते, आणि तपासणाऱ्यालाही ते तसे चिकटवलेले दिसतेच. चित्रे पुण्यात राहिले आणि २००९ साली पुण्यातच गेले. तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेणारा आणि मराठीतही तितक्याच ताकदीने लिहिणारा कवी आपल्या गावचा होता, ही गोष्ट पुण्याच्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. डायजेस्टच्या कविपरिचयात ती दीड ओळीत उरकली आहे.

मुलीला ही कविता समजेना, तेव्हा आम्ही डायजेस्ट बाजूला ठेवून ती मोठ्याने वाचली आणि प्रत्येक वाक्यात बाप नेमके काय करतो एवढेच क्रियापदांच्या आधारे कागदावर उतरवून काढले. उभा राहतो, उतरतो, चहा पितो, पोळी खातो, वाचतो, ऐकतो, झोपतो. यादी पूर्ण झाल्यावर तिनेच विचारले, ‘आई, तो कोणाशीच कसा बोलत नाही?’ रसग्रहणाचा निम्मा मजकूर त्या प्रश्नात आला होता. हिंजवडीहून रात्री उशिरा परतणारे वडील ज्या घरांत आहेत, तेथे तर या कवितेला वेगळ्या टिपांची गरज पडू नये.

कादंबरीच्या विभागाबद्दल माझी तक्रार याहून गंभीर आहे. पाठ्यपुस्तकात कादंबरीचा थोडक्यात इतिहास आणि तीन कादंबऱ्यांतील उतारे आहेत : ई. आर. ब्रेथवेट यांची ‘टू सर, विथ लव्ह’ (१९५९), ज्यूल व्हर्नची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ (१८७३) आणि आर्थर कॉनन डॉयलची ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०). म्हणजे विद्यार्थ्यासमोर मुळातच कादंबरीचा एक तुकडा असतो. डायजेस्ट त्या तुकड्याचा गोषवारा देते, मग गोषवाऱ्यावरून व्यक्तिचित्रे आणि व्यक्तिचित्रांवरून साधारण पन्नास शब्दांची उत्तरे. प्रत्येक पायरीवर तपशील गळत जातो आणि शेवटी विशेषणे उरतात. होम्स ‘बुद्धिमान’, वॉटसन ‘प्रेमळ’, व्हर्नचा फॉग ‘शिस्तप्रिय’, त्याचा नोकर पासपार्तू ‘निष्ठावान’. ही विशेषणे पाठ करणे हेच मुलांना सर्वांत जड जाते, कारण त्यांना धरून ठेवणारी गोष्टच समोर नसते.

‘द साइन ऑफ फोर’चे उदाहरण घेऊ. मेरी मॉर्स्टन होम्सकडे येते आणि सांगते, की आपले वडील कॅप्टन मॉर्स्टन १८७८च्या डिसेंबरात लंडनमधून नाहीसे झाले. १८८२च्या ४ मे रोजी आपला पत्ता विचारणारी जाहिरात वर्तमानपत्रात आली. तेव्हापासून दरवर्षी एक मोती टपालाने येतो. आणि आता एका अनोळखी माणसाने सायंकाळी सात वाजता लायसियम नाट्यगृहाबाहेर, डावीकडून तिसऱ्या खांबापाशी भेटायला बोलावले आहे. होम्स जुने अंक चाळून शोधून काढतो, की वडिलांचा मित्र मेजर शोल्टो २८ एप्रिल १८८२ रोजी मरण पावला. दोन तारखा शेजारी ठेवा : शोल्टो गेला आणि आठवड्याच्या आत जाहिरात आली. ज्याला शोल्टोच्या मृत्यूनंतर जुना अन्याय भरून काढावासा वाटला असा कोणीतरी, बहुधा वारस, मोती पाठवतो आहे, हा तर्क वाचणाऱ्याला स्वतःच करता येतो आणि गंमत तेथेच आहे. आमच्या डायजेस्टच्या गोषवाऱ्यात या दोन्ही तारखा नाहीत. ‘आपल्या असामान्य बुद्धिमत्तेने होम्सने दोन घटनांचा संबंध शोधला’ एवढेच वाक्य आहे. रहस्यकथेतून पुरावा काढून टाकल्यावर उरलेले कौतुक कोणी आणि कसे लक्षात ठेवायचे?

व्हर्नच्या बाबतीतही हाच प्रकार आहे. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पैज हरली असे समजून फॉग घरी बसतो, पासपार्तू लग्नाची वर्दी द्यायला पाद्रीबाबांकडे जातो आणि उद्या सोमवार नसून रविवार आहे असे कळल्यावर धावत परततो. प्रश्न असतो, की हा दिवस आला कोठून. डायजेस्ट सांगते, ‘पूर्वेकडे प्रवास केल्यामुळे एक दिवस वाचला’, आणि मुले ते तसेच पाठ करतात. व्हर्नने याचा हिशेब स्वतः मांडला आहे : पृथ्वीचे ३६० अंश, पूर्वेकडे सरकताना प्रत्येक अंशामागे दिवस चार मिनिटांनी लहान होतो, म्हणून ३६० गुणिले ४, म्हणजे १४४० मिनिटे, म्हणजेच चोवीस तास. फॉगने सूर्य ऐंशी वेळा माथ्यावर आलेला पाहिला, तर लंडनमध्ये बसलेल्या त्याच्या मित्रांनी एकोणऐंशी वेळाच. भौतिकशास्त्राची गणिते सोडवणाऱ्या मुलीला हे सांगायला दोन मिनिटे लागली आणि पुन्हा सांगावे लागले नाही. माझ्या पिढीतल्या अनेकांना व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांच्या मराठीतून, कोणत्याही टिपांविना, आणि आम्हाला तो समजायला काही अडले नाही.

ब्रेथवेटच्या उताऱ्यात लंडनच्या ईस्ट एंडमधील शाळेत विद्यार्थी-परिषदेचा सहामाही अहवाल मांडला जातो आणि मुले शिक्षकांना प्रश्न विचारतात. डेनम हा मुलगा तक्रार करतो, की पी.टी.चे तेच ते प्रकार कंटाळवाणे आहेत, त्यापेक्षा एखादा झकास खेळ बरा. आमच्या डायजेस्टमध्ये डेनम ‘उद्धट’ या विशेषणात संपतो. जी मुले पूर्वी शिक्षकांना जुमानत नव्हती, ती आता उभी राहून मुद्दे मांडत आहेत, हा बदलच या प्रसंगाचा गाभा आहे आणि त्याला उद्धटपणा म्हणणे म्हणजे उतारा उलटा वाचणे होय.

याउलट पाठ्यपुस्तकाकडे मुले वळून पाहत नाहीत, हे मला न उलगडलेले कोडे आहे. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने २०२० साली काढलेल्या या पुस्तकात उताऱ्याच्या कडेला लहान लहान प्रश्न आणि शब्दार्थ छापले आहेत. वाचता वाचता त्या प्रश्नांची उत्तरे पेन्सिलीने बाजूला लिहिली, तर स्वतःच्या टिपा आपोआप तयार होतात. पुस्तकात उणिवाही आहेत : कादंबरीचा इतिहास सांगणारा भाग नावांनी आणि प्रकारांनी इतका खच्चून भरला आहे, की त्यासाठी डायजेस्टमधला तक्ताच सोयीचा पडतो. शिवाय कडेच्या काही प्रश्नांत विचारण्यासारखे फारसे काही नाही. तरीही डायजेस्टच्या किमतीच्या मानाने हे पुस्तक जवळजवळ फुकट म्हणावे असे आहे आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ खरोखरच विनामूल्य मिळते.

मूळ कादंबऱ्या वाचायची इच्छा असेल, तर व्हर्न आणि डॉयल यांची ही दोन्ही पुस्तके स्वामित्वहक्कातून मुक्त असून प्रोजेक्ट गटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. ब्रेथवेट २०१६ साली वारले, त्यामुळे त्यांचे पुस्तक विकत किंवा ग्रंथालयातूनच आणावे लागेल. परीक्षा तोंडावर आली असताना तिन्ही वाचणे शक्य नाही आणि तसा आग्रहही नाही. पण ‘द साइन ऑफ फोर’ लहान आहे आणि एका रविवारी सहज संपते.

तेव्हा डायजेस्ट घ्यावे का? घ्यावे. पाचांपैकी तीन तारे देते, तेही व्याकरण आणि लेखनकौशल्यासाठी. कविता आणि कादंबरीची पाने मात्र मूळ मजकूर वाचून, स्वतःचे उत्तर एकदा लिहून झाल्यावरच उघडावीत, आणि तीही मुद्दा सुटला का हे ताडून पाहण्यापुरती. खरेदीला जाणार असाल तर नव्या प्रतीचा हट्ट धरू नका. चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गेल्या वर्षीची प्रत मिळते. घेण्यापूर्वी अनुक्रमणिका पाठ्यपुस्तकाशी जुळवून पाहा आणि कृतिपत्रिकांच्या नमुन्यांची शेवटची पाने कोणी फाडून तर नेली नाहीत ना, हे दुकानातच तपासा.